बंद करायचं बटण दाबल्यावर चेर्नोबिलची भट्टी फुटली कशी, हे घरच्या कॉम्प्युटरवर मांडता येतं का?

येतं. साधा लॅपटॉप आणि पायथॉन पुरतं. तुम्ही लिहिलंय की पाठ्यपुस्तकातली बिंदू-भट्टीची समीकरणं सोडवली, नियंत्रक कांड्या (न्यूट्रॉन शोषून भट्टी थोपवणाऱ्या) आत सोडल्या आणि शक्ती नुसती खाली आली. एम.एस्सी.च्या प्रकल्पात माझंही हेच झालं होतं. दोन आठवडे मी प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. प्रोग्राम बरोबर होता, अख्खी भट्टी एक बिंदू धरणं चुकीचं होतं.

चेर्नोबिलचा चौथा संच आरबीएमके या सोव्हिएत जातीचा, गाभा ७ मीटर उंच आणि जवळजवळ १२ मीटर रुंद. एवढ्या मोठ्या गाभ्याचे वरचा आणि खालचा भाग बऱ्याच अंशी वेगवेगळ्या भट्ट्यांसारखे वागतात. आता कांडी बघा. ती पूर्ण वर ओढली की तिच्याखाली जोडलेला साडेचार मीटरचा ग्राफाइटचा दांडा गाभ्याच्या मध्यावर येतो आणि त्याच्या वर-खाली सव्वा-सव्वा मीटर पाणी उरतं. कांडी खाली सोडली की ग्राफाइट तळाचं पाणी ढकलून त्याची जागा घेतो. पाणी न्यूट्रॉन शोषतं, ग्राफाइट त्या मानाने फारच कमी. त्यामुळे वरच्या भागात शक्ती घटत असताना तळाशी ती वाढते. बिंदूला वर आणि तळ नसतो, म्हणून तुमच्या आलेखात हे कधीच दिसणार नाही.

मी गाभ्याचे उभ्या दिशेने अर्ध्या मीटरचे १४ थर केले. प्रत्येक थरात न्यूट्रॉन, विलंबित (अणू फुटल्यावर जरा उशिरा सुटणाऱ्या) न्यूट्रॉनचे सहा गट, आयोडिन, त्यातून तयार होणारं आणि न्यूट्रॉन गिळणारं झेनॉन, वाफेचं प्रमाण, आणि शेजारच्या थरांत न्यूट्रॉन झिरपण्याचं एक पद. एवढ्यावर काम भागतं.

सुरुवातीची स्थिती मात्र नीट तयार करा, खरी मेहनत तिथे आहे. २५ एप्रिल १९८६ ला दुपारी भट्टी ३२०० मेगावॅटवरून निम्म्यावर आणली होती. कीवच्या वीज नियंत्रकाने विजेची गरज सांगून पुढची कपात थांबवली, ती रात्री ११:१० पर्यंत. मध्यरात्रीनंतर शक्ती थेट ३० मेगावॅटपर्यंत कोसळली आणि कांड्या ओढून कशीबशी २०० वर आणली गेली. त्या रात्रीची टर्बाइनची चाचणी ७०० वर व्हायची होती. शक्ती पडली की झेनॉन जळायचं थांबतं, पण साडेसहा तासांच्या अर्धायुष्याच्या आयोडिनमधून नवं झेनॉन येतच राहतं. ते भरून काढायला जवळजवळ सगळ्या कांड्या वर गेल्या, म्हणजे जवळजवळ सगळ्या ग्राफाइटखाली पाण्याचा स्तंभ आला. झेनॉनचं गणित थरागणिक केलंत तर तळाशी शक्तीचा वेगळा उंचवटा कसा उभा राहतो ते दिसेल.

त्यावर वाफ. इथे मंदायक (न्यूट्रॉनचा वेग कमी करणारा पदार्थ) ग्राफाइट आहे, पाणी मुख्यतः शोषकच. पाण्याची वाफ झाली की शोषण घटतं आणि शक्ती वाढते. (तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत पाणीच मंदायक आहे, त्यामुळे तिथे वाफ वाढली की शक्ती उतरते.) आरबीएमकेत सगळं पाणी वाफ झालं तर मिळणारी रिॲक्टिव्हिटी (साखळी प्रक्रियेला वाढीकडे ढकलणारा जोर) विलंबित न्यूट्रॉनच्या वाट्याच्या चार-पाच पट होती. एक पट ओलांडली तरी भट्टी हाताबाहेर जाते.

गणित सोडवताना साधी ऑयलर पद्धत वापरू नका. झेनॉनला तास लागतात, न्यूट्रॉनला मिलिसेकंद, आलेख लगेच फाटतो. साय-पाय या पायथॉनच्या लायब्ररीतली राडाऊ पद्धत घ्या. आधीचा दिवस झेनॉनच्या संथ चालीने सोडवा आणि २६ एप्रिलच्या पहाटे १:२३:०४ पासूनची चाचणी वेगळी चालवा. १:२३:४० ला बटण दाबा. कांड्या सेकंदाला जेमतेम ४० सेंटिमीटर सरकतात, हे विसरू नका. नोंदीत १:२३:४३ ला शक्ती ५३० मेगावॅटच्या वर गेलेली आहे, तिथपर्यंत आलेख जुळतो का बघा. त्यानंतर इंधनच फुटू लागतं, तुमची समीकरणं तिथे लागू नाहीत. शिखराचा म्हणून सांगितला जाणारा ३०,००० मेगावॅटचा आकडा गाठायच्या मागे लागू नका.

मला या गणिताची ओढ वाटते त्याचं कारण आहे. ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्नात सोव्हिएत शिष्टमंडळाने मुख्य दोष चालकांवर टाकला. त्यांनी नियम मोडले होते, हे खरंच. पण कांड्यांचा हा दोष १९८३ मध्येच लिथुआनियातल्या इग्नालिनाच्या, याच जातीच्या भट्टीत मोजला गेला होता आणि चेर्नोबिलच्या नियंत्रण कक्षातल्या माणसांना तो कोणी सांगितला नव्हता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने १९९२ मध्ये रचनेच्या दोषाला ठळक जागा दिली. बिंदू-भट्टीच्या आलेखात मात्र ते बटण अजूनही सुरक्षितच दिसतं. म्हणून तुमच्या प्रोग्राममध्ये ग्राफाइटसाठी एक स्वतंत्र चल ठेवा. एकदा ग्राफाइटसह आणि एकदा त्याच्याशिवाय चालवून, तळाच्या तीन थरांचे पहिल्या चार सेकंदांतले आलेख एकमेकांवर ठेवून बघा.