शून्य गुण आले म्हणजे बाळंतीण बरी?

प्रश्न : मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. गरोदर बायका व बाळंतिणींच्या मानसिक आरोग्याबद्दल आशाताई आणि एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं, एडिनबरा प्रश्नावलीचा (नैराश्य ओळखायचे दहा प्रश्न; गुण जास्त तेवढा त्रास जास्त) मराठी फॉर्म दिला. फॉर्म भरून येतात, पण जवळपास सगळ्यांवर 0 ते 3 गुण. प्रशिक्षणात काय राहिलं?

उत्तर : विचारायचा सराव राहिला. एका दिवसात लक्षणं सांगून होतात, तेवढंच. फॉर्म बहुधा सासूबाईंसमोर मोठ्यानं वाचून भरला जातो. तिथं "बरं आहे" याखेरीज काय येणार?

पुढच्या वेळी स्लाइड कमी करा आणि तिघीतिघींचे गट पाडा: एक आशा, एक बाळंतीण, एक हलायला तयार नसलेली सासू. प्रत्यक्ष घरभेटीला दोघी गेल्या, तर एकीनं सासूबाईंना घेऊन ओसरीवर बाळाचं वजन करावं, दुसरीनं आत बोलावं. सुरुवात फॉर्मनं नको. "बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का?" इथून करावी.

सगळ्यात जास्त वेळ दहाव्या प्रश्नाला द्या, कारण तोच गाळला जातो किंवा घाईत 0 लिहून मोकळं होतात. "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" हे वाक्य प्रत्येकीनं न अडखळता म्हणेपर्यंत सराव हवा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे. इथं 0 सोडून काहीही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही असोत, बाईला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

गुण मोजायलाही बसवा. प्रत्येक प्रश्नाला उत्तराचे चार पर्याय असतात. प्रश्न 1, 2 आणि 4 च्या पर्यायांचे गुण वरून खाली 0, 1, 2, 3. उरलेल्या सातांचे 3, 2, 1, 0. सगळे पहिल्याच पद्धतीनं मोजले, तर हसतीखेळती बाई 21 वर जाते आणि पार खचलेली 9 वर राहते. तुमचे आकडे पाहता ही चूक तुमच्याकडे नसावी. 10 ते 12 गुण आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा. 13 किंवा अधिक असतील तर तुम्ही स्वतः तपासा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसकट. गुण म्हणजे निदान नव्हे.

वेळही बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं पुष्कळ जणींना होतं, दोन आठवड्यांत ओसरतं. फॉर्म गरोदरपणात एकदा आणि 42 व्या दिवसाच्या भेटीत भरावा. अडचण अशी की पहिलटकरीण तेव्हा माहेरी असते. सासरच्या आशाताईंनी माहेरच्या आशाताईंना फोन करायचा, हे प्रशिक्षणातच ठरवून टाका.

आणि पुढं पाठवायचं कुठं, ते आधी पक्कं करा: जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा वार, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416. नाहीतर आशाताई विचारणंच सोडून देतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

प्रश्न : दहा दिवसांची बाळंतीण रात्रभर जागी असते, असंबद्ध बोलते, बाळ बदललंय म्हणते. घरचे बाहेरची बाधा समजतात. किती दिवस वाट पाहावी? (एक परिचारिका)

उत्तर : एकही नाही. हा बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा तीव्र मानसिक आजार, असू शकतो. हजारात एकदोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि काही तासांत चिघळतो. आजच जिल्हा रुग्णालयात न्या, तोवर बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका. ताप, रक्तस्राव आणि रक्तदाब तिथं पोचण्याआधी पाहून घ्या. जंतुसंसर्गातही बाई अशीच बरळते. घरच्यांशी बाधेवरून वाद घालत बसू नका. "देवाचं करा, पण गाडी आत्ता निघू द्या" म्हणा.