सुरिमी आणि सुरमई

प्रश्न : आमचा ट्रॉलर साखरी नाट्याला लागतो. गेल्या हंगामात व्यापाऱ्याच्या पावतीवर ‘सुरिमी’ असं लिहिलेलं होतं आणि पुढे भाव अगदीच पडेल. सुरमई या भावात कोण विकतं, म्हणून मी घरात वाद घातला. मुलगा म्हणतो, हा सुनामीसारखा जपानी शब्द आहे. खरं काय? आणि असा अनोळखी शब्द आला तर अर्थ लावायचा कसा?
– एक वाचक भगिनी, राजापूर तालुका

उत्तर : ताई, शब्द जपानीच आहे. सुनामीशी मात्र त्याचं नातं नुसतं कानापुरतं.

मासळी प्रक्रियेच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. जपानी मालाचे कागद हाताळता हाताळता त्यांची लिपी थोडीफार वाचायला शिकले. अनोळखी शब्द आला की तो कसा ऐकू येतो, याआधी तो कुठे लिहिलाय ते मी बघते. तुमच्या पावतीवर त्या ओळीत कुठली मासळी गेली होती ते आठवा. राणी मासा, ढोमा, चोर बोंबील, बाला, यांतलंच काहीतरी असणार. सुरमई वेगळी काढून, आकार बघून विकतात. हा माल क्रेटच्या क्रेट एकगठ्ठा जातो. निम्मा अर्थ तिथेच कळतो.

मग उच्चार. जपानीत अक्षर बहुधा स्वरावर संपतं, फार तर ‘न’वर. ‘ल’ त्यांच्याकडे नाही. आपण ‘सुरमई’ म्हणताना ‘सुर्’वर थांबतो, तसं त्यांना थांबता येत नाही. सुरिमी मात्र या कसोटीत बसतो. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. आपली मोरीसुद्धा त्यात बसते! जपानीत ‘मोरी’ म्हणजे वनराई, आपल्याकडे मुशीची जात. ही कसोटी शब्द बाद करायला चांगली, पक्का करायला अपुरी.

शेवटचा ‘मी’ तर हमखास फसवतो. सुनामीत ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. ओरिगामीत ‘ओरी’ म्हणजे घडी आणि ‘कामी’ म्हणजे कागद. जोडताना क चा ग झाला, जसं वाक् अधिक ईश म्हणजे वागीश. सुरिमीतला ‘मी’ या दोन्हींहून वेगळा, त्याचा अर्थ अंग, मांस. साशिमी या कच्च्या माशाच्या कापांच्या नावातही हाच ‘मी’ आहे. आणि ‘सुरी’ आलाय ‘सुरू’ या क्रियापदावरून : रगडणं, घासणं. जपानी घरात तीळ रगडायला आतून रेघा असलेलं मातीचं भांडं असतं, त्याला सुरीबाची म्हणतात. शब्दाचे दोन्ही तुकडे असे दुसऱ्या शब्दांत सापडले, की माझी खात्री पटते. सुरिमी म्हणजे रगडलेलं मांस. हे माशाचं नाव नाहीच.

कारखान्यात ते कसं होतं तेही सांगते, कारण तुमचा भाव तिथे ठरतो. डोकं, आतडी काढून मांस यंत्राने काट्यांपासून सुटं करतात. मग बर्फगार पाण्यात पुन्हा पुन्हा धुतात. रक्त, चरबी, वास निघून जातो. पाणी दाबून काढलं, की पांढरा, जवळजवळ बिनवासाचा गोळा उरतो. तो मिठाबरोबर रगडून उकडला, की मळलेल्या कणकेसारखा ताण धरतो. जपानी लोक हे शतकानुशतकं करत आलेत, पण गोठवला की तो ताण जायचा. 1960 च्या सुमारास होक्काइदोतल्या संशोधकांना उपाय सापडला : गोठवण्याआधी त्यात साखर मिसळायची. त्यामुळे सुरिमी जहाजात चढली, जगभर गेली आणि आपला राणी मासा तिच्यासाठी जाऊ लागला. त्याचं शास्त्रीय नाव निमिप्टेरस जापोनिकस! नावात जपान आहे, म्हणून तो तिकडून आलेला नव्हे. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जपानपर्यंत तो राहतो.

दर्जाची एक परीक्षा बघण्यासारखी आहे. उकडलेल्या सुरिमीची पातळ चकती घ्यायची, दुमडायची, पुन्हा दुमडायची. चौपदरी घडीला चीर पडली नाही तर माल पहिल्या प्रतीचा. मासा बोटीवर उन्हात पडला, बर्फ उशिरा लागला, तर चकती पहिल्याच घडीला तडकते. ते मग कुठल्याही यंत्राने सुधारत नाही. म्हणून ट्रॉलरवरच्या पोरांना बर्फाचं महत्त्व मी कळकळीने सांगते, जाळं वर आल्यापासून.

मुंबईच्या दुकानांत ‘क्रॅब स्टिक’ म्हणून लाल-पांढऱ्या कांड्या मिळतात, त्याही बहुधा सुरिमीच्याच. खेकडा म्हणून घेऊ नका. मात्र घरात कुणाला खेकडा किंवा अंडं सोसत नसेल तर पाकीट नीट वाचा. चवीपुरता खेकड्याचा अर्क आणि अंड्यातलं पांढरं त्यात बऱ्याचदा असतं.

आणि पुढच्या वेळी पावतीवर ‘सुरिमी’ या शब्दाशेजारी माशाचं नाव आणि वजन लिहून मागा. राणी मासा आणि बाकीची मिसळ यांचा दर्जा सारखा नसतो. नुसतं ‘सुरिमी’ लिहिलं, तर तुम्ही कुठला मासा दिलात हे कागदावर राहतच नाही.