वाचकांचे प्रश्न : घरात पाणी शिरल्यावर पहिला तास

प्रश्न : वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून घरात घोटाभर पाणी साचलं, फॉल्स सीलिंगलाही फुगवटा आला. आधी काय करायला हवं होतं? विम्यासाठी काहीच हलवायचं नसतं, हे खरं का?

उत्तर : आधी वीज बंद. मात्र मेन स्विचपर्यंत कोरड्या जमिनीवरून जाता येत असेल तरच. बोर्ड ओला असेल किंवा त्याच्याखाली पाणी असेल तर हात लावू नका. वीज कंपनीला कळवून पुरवठा बाहेरूनच तोडायला सांगा आणि तोवर त्या पाण्यात पाऊल टाकू नका. इन्व्हर्टर असेल तर बाहेरचा पुरवठा तुटला तरी त्याच्या लाइनीत वीज राहते. हे हमखास विसरलं जातं आणि जिवावर बेततं.

मग पाण्याचा मेन कॉक. पाइप वरच्यांचा असेल तर कॉक त्यांच्याकडे किंवा टाकीजवळ सापडेल.

फुगवट्याखाली कुणालाही उभं राहू देऊ नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि फॉल्स सीलिंगचा भिजलेला जिप्सम बोर्ड ते फार वेळ पेलत नाही. फुगवटा लहान असेल तर वीज बंद झाल्यावर खाली बादली ठेवा आणि बाजूला उभं राहून लांब काठीच्या टोकाने बारीक भोक पाडा. मोठा असेल तर त्या खोलीत जाऊच नका.

विम्याबद्दल तुम्हाला सांगितलं गेलं ते अर्धंच खरं आहे. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी असते. त्यामुळे वस्तू हलवा, पण फोटो काढल्यावर. आधी चारही कोपऱ्यांतून पूर्ण खोली, मग एकेक वस्तू, उपकरणांवरचा मॉडेल नंबर, आणि भिंतीला मोजपट्टी लावून पाण्याची पातळी. विमा कंपनीला लगेच कळवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पाइपचा फुटका तुकडा प्लंबरला फेकू देऊ नका. नुकसान कशामुळे झालं याचा तोच पुरावा. खराब झालेल्या वस्तू सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) पाहून जाईपर्यंत बाजूला ठेवा. दुरुस्तीची सगळी बिलं जपा.

यापुढे घाई वाळवण्याची. ओलाव्यात २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. दारं-खिडक्या समोरासमोर उघडा, गाद्या उभ्या करा, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा. पाणी सांडपाण्याचं असेल तर गाद्या-उशा वाचवण्याच्या फंदात पडू नका. भिजलेलं उपकरण वरून कोरडं दिसलं तरी तपासून घेतल्याशिवाय लावू नका.

प्रश्न : भिंत कोरडी दिसते. नवा रंग देऊ का?

उत्तर : पृष्ठभाग आधी वाळतो, आतली वीट कितीतरी उशिरा. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. २४ तासांनी आतून थेंब दिसले तर थांबा. आत्ता दिलेला रंग पोपडे धरून सुटेल. गिलावा ठोकून पाहा. पोकळ आवाज येतो तेवढा भाग पाडून नव्याने करावाच लागतो.

प्रश्न : स्वयंपाकघरात छोटी आग लागली होती. भिंतीवरची काजळी कशी काढावी?

उत्तर : ओलं फडकं आधी लावू नका. काजळी तेलकट असते, ओल्या फडक्याने ती पसरून रंगात मुरते. मास्क लावा, व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड भिंतीला न टेकवता वरवरची काजळी ओढून घ्या, मग कोरड्या स्पंजाने एकाच दिशेने पुसा. धूर लागलेलं उघडं अन्न टाकून द्या. पाकीटबंद दिसणारंही, उष्णतेने फुगलं असेल तर.