केलॉइडचं बघू, आधी ती पॉलिसी परत करा

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगी 14 वर्षांची, दीड वर्षापूर्वी मॅस्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं ऑपरेशन झालं, कान बरा झाला पण कानामागे टाक्यांच्या जागी केलॉइड, म्हणजे जखमेच्या व्रणाची जाड गाठ वाढतेय, खाजते. क्लिनिकवाले 90,000 चं लेसर पॅकेज सांगतायत, ‘कायमचं जाईल’ म्हणून. नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावं की दीड लाखाची एफडी मोडावी, हा प्रश्न. आणि शेवटी सहज एक ओळ, मुलीच्या पुढच्या उपचारांसाठी 18 दिवसांपूर्वी बँकेतून पॉलिसी घेतली, वर्षाला 60,000.

ताई, ती शेवटची ओळ वाचून मला खरंच काळजी वाटली. मिस्टरांचा पगार 38,000, घरात कमावणारे ते एकटेच, आणि दीड महिन्याहून जास्त पगार दरवर्षी या पॉलिसीत जाणार. 12 वर्षांत 7.2 लाख भरायचे, 20 व्या वर्षी 13 लाख मिळणार, म्हणजे जेमतेम 4 टक्के, साधी एफडी यापेक्षा जास्त देते! कव्हर किती तर 6 लाख, उद्या मिस्टरांना काही झालं तर सव्वा वर्षाचा पगार. आणि उपचार आत्ता चालू असताना पैसे 20 वर्षांनी मिळून काय उपयोग? मधेच बंद केली तर नुकसान तुमचंच, ‘कधीही काढा’ म्हणत पॉलिसी देणाऱ्या बँकेतल्या मॅडमनी हे सांगितलं नाही. यातल्या पाव पैशात मिस्टरांचा मोठा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला नुसता जीवनविमा निघतो.

आता केलॉइड. ते परत येणारं दुखणं आहे, नुसतं कापलं तर निम्म्याहून जास्त वेळा परत येतं, म्हणून ‘कायमचं’ची गॅरंटी देणाऱ्याला पैसे आधी देऊ नका. बहुतेक वेळा सुरुवात स्टेरॉइडच्या इंजेक्शनने होते, साधारण महिन्याला एक, सोबत सिलिकॉन जेल किंवा पट्टी. समजा एका वेळचे 1,500 धरले तरी 10 वेळचे 15,000, ते पगारातून जातील, एफडीला हात लावू नका. ईएमआय म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज, गुण नाही आला म्हणून हप्ता थांबत नाही. मिरजेच्या सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत एकदा दाखवा, लेसर लागेल की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील. मेडिक्लेमवर विसंबू नका, ओपीडीतली इंजेक्शनं सहसा त्यात बसत नाहीत.

पण पहिलं काम पॉलिसीचं. कागद हातात आल्यापासून 30 दिवस फ्री-लूक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत असते, थोडी कपात होऊन बाकीचे पैसे परत मिळतात. बँकेतल्या मॅडमना तोंडी सांगून थांबू नका, थेट विमा कंपनीला लेखी अर्ज द्या, ईमेलही करा, पोच घ्या. उद्याच जा.