राजीनामा लिहू नकोस, आणि बाबांना दोन पावलं मागे उभं कर

प्रिय मावशी,
मी २९ वर्षांची, नागपूरला नरेंद्रनगरात राहते. सरकारी बँकेत आहे. सव्वा वर्षापूर्वी वर्धा रोडवर अपघात झाला, पाठीचा दहावा मणका (डी-१०) मोडला. कमरेखाली आता काही कळत नाही, हलत नाही. हात चांगले आहेत. बाबा ६१ वर्षांचे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये तेच मला उचलून नेतात. लघवीची पिशवी आई रिकामी करते. मी काही करू म्हटलं की बाबांचं एकच, ‘मी आहे ना.’ बँकेतून ‘राजीनामा दिलेला बरा’ असं सुचवलंय, बाबांनाही ते पटलंय. मला राग येतो आणि मग लाज वाटते. मी कृतघ्न आहे का?
– न., नागपूर

प्रिय न.,

आधी राजीनाम्याचं, कारण ते थांबणारं नाही. लिहू नकोस. तयार कागद पुढे केला तरी सही करू नकोस. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २० बाबांना वाचून दाखव. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कुणाला कामावरून काढता येत नाही, हुद्दाही खाली आणता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यायचं, आणि तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवायचं. सरकारी बँकेलाही हे लागू आहे. कलमाचा उल्लेख करून याच आठवड्यात लेखी अर्ज दे, पोच घे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर तेही काढायला घे.

आता तुझा प्रश्न. नाहीस गं कृतघ्न. तुझ्या शरीराचं घड्याळ सध्या दुसऱ्यांच्या हातात आहे. आईची झोप, बाबांची कंबर, घरात कोण आहे कोण नाही, यावर तुझी आंघोळ ठरते. २९ वर्षांच्या बाईला राग यायलाच हवा.

ज्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, तिथूनच सुरुवात कर: लघवी आणि शौच. तुझे हात चांगले आहेत, म्हणजे स्वतः कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून लघवी काढणं शिकता येईल का, हे युरॉलॉजिस्टला स्पष्ट विचार. साधारण दर चार ते सहा तासांनी कॅथेटर घालायचा, मूत्राशय रिकामं करायचं, काढून ठेवायचा. बायकांना सुरुवातीला आरसा लागतो, नंतर बोटांना जागा सापडते. शौचाचंही तसंच: रोज एकच वेळ, शक्यतो जेवणानंतर, कारण पोटात अन्न गेलं की आतडं हलतं. वेळ बसायला काही आठवडे जातील, अधूनमधून कपडे खराब होतील. होऊ देत. आणि आईला सारखं उठवायला नको म्हणून पाणी कमी पीत असशील तर आजपासून बंद. नागपूरच्या उन्हाळ्यात आणि तुझ्या मूत्रपिंडांना ते परवडणारं नाही. किती प्यायचं, तेही डॉक्टरांकडून ठरवून घे.

दुसरं शिकायचं ते पलंगावरून खुर्चीत स्वतः जाणं. ट्रान्सफर बोर्ड म्हणजे एक गुळगुळीत फळी. पलंग आणि खुर्चीची उंची सारखी असली की तिच्यावरून हातांच्या जोरावर सरकता येतं. हे घरी अंदाजाने करू नकोस. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किंवा मिहानच्या एम्समध्ये पुनर्वसनाच्या डॉक्टरांना दाखव आणि ‘मला ट्रान्सफर शिकायचंय’ असंच सांग. नुसता ‘व्यायाम’ म्हटलंस तर पाय हलवून घेतील आणि घरी पाठवतील.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना सोबत घेऊन जा. फिजिओथेरपिस्ट त्यांना कुठे उभं राहायचं, कधी धरायचं आणि कधी धरायचं नाही, हे शिकवतील. ज्या माणसाने सव्वा वर्ष पोरीला उचललं, त्याला हात मागे ठेवून बघत राहणं सगळ्यात कठीण जाणार आहे. त्यांनी उचललं ते प्रेमानेच, हे तू बोलून दाखव. आणि एकदा हेही बोल, कितीही जड गेलं तरी: ‘बाबा, तुम्ही सत्तरीचे झाल्यावर मला कोण उचलेल?’ ते रडतील. तूही रडशील. पण हे बोलणं टाळून तुमच्या घरात काहीही बदलणार नाही.

बाथरूमच्या दाराची रुंदी आधी मोज, खुर्चीला निदान ३२ इंच मोकळी जागा लागते. घरासमोर फूटभर चढ असेल तर उतार १२ फुटांचा करावा लागेल. मिस्त्री चार फुटांत बसवतो म्हणेल, ऐकू नका, तशा उतारावर खुर्ची मागे उलटते. बसलेली असताना दर १५-२० मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे वाकून बुडाखालचा दाब मोकळा कर, नाहीतर तिथे जखम होऊ शकते. रोज रात्री आरशात बूड आणि टाचा बघ. लाली दाबल्यावर जात नसेल तर त्या जागेवर बसणं बंद आणि डॉक्टरांना फोन. उन्हात तापलेल्या सीटवर बसू नकोस, मांडीवर गरम ताट घेऊ नकोस. भाजलं तरी तुला कळणार नाही.

स्टेम सेलच्या इंजेक्शनसाठी प्लॉट विकायला सांगणारे नातेवाईक भेटतीलच. मणक्याच्या दुखापतीवर ते मान्यताप्राप्त उपचार नाहीत. संशोधनाच्या चाचणीत घेतलं तर रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे पैसे मागितले की उठून ये. तोच पैसा चांगली खुर्ची, दाब वाटून घेणारी गादी आणि बाथरूम यावर लाव.

बँकेत रुजू व्हायच्या आधी एकदा मेट्रोने सीताबर्डीपर्यंत जाऊन ये, स्टेशनांत लिफ्ट आहे. पहिल्या वेळी मैत्रिणीला ने, बाबांना नको. कॅथेटर, साबण आणि कपड्यांचा एक जोड पिशवीत ठेव. अर्जाला बँकेचं काय उत्तर येतं ते मला कळव, पुढचं पत्र आपण मिळून लिहू.

– मावशी