सरकारी ऑफिसात आठवड्याला किती तास काम असतं? शनिवारी दाखल्यासाठी गेलं तर चालेल का?

शनिवारी जाऊ नका, कुलूप दिसेल. २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. मधे जेवणाची अर्धा तास सुट्टी धरली तर दिवसाचे आठ, आठवड्याचे चाळीस तास. शिपायांना मात्र साडेनऊला यावं लागतं नि साडेसहाला सुटका. आधी फक्त दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असायची. पोलीस, सरकारी दवाखाने, शाळा यांना हे लागू नाही.

जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या मधेच कधीतरी असते. त्या तासात गेलात तर खुर्चीवर नुसती पिशवी भेटते. मी तरी अकराला जातो.