मॉनिटर म्हणून टीव्ही घ्यायचाय? आधी त्याचं ४:४:४ तपासा

दिवसभर एक्सेल आणि कोडिंग, संध्याकाळी एखादा सिनेमा. त्यासाठी दोन लहान मॉनिटरांऐवजी एकच मोठा ४के टीव्ही टेबलावर ठेवला तर चालेल का, अक्षरं फाटकी दिसतील का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, आणि उत्तम चालेल. मात्र खोक्यावर ठळक छापलेल्या गोष्टींवरून निवड केलीत तर फसाल. आपल्याला हवी ती गोष्ट खोक्यावर सहसा नसतेच.

टीव्ही अडीच-तीन मीटरवरून हलतं चित्र बघण्यासाठी बनवलेला असतो. त्यामुळे आलेलं चित्र तो जसंच्या तसं दाखवत नाही. कडा धारदार करतो, थोडं ताणतो, रंग गडद करतो. कॉम्प्युटरला याच्या अगदी उलट हवं असतं: पाठवलेला प्रत्येक पिक्सेल आपल्या जागी, आपल्या रंगात. हे जो टीव्ही करू देतो तो आपल्या कामाचा.

सगळ्यात जास्त घोळ रंगांच्या काटछाटीत आहे. सिनेमा बहुतेक ४:२:० पद्धतीने साठवलेला असतो. म्हणजे दोन बाय दोन अशा चार पिक्सेलांना उजेड प्रत्येकाचा वेगळा, पण रंग चौघांत मिळून एकच. चेहरा, आकाश, झाडं यांत हे कळतही नाही. अक्षरांत लगेच कळतं, कारण अक्षराची उभी रेघ एक-दोन पिक्सेलच जाड असते. एक्सेलमधला लाल आकडा शेजारच्या पिक्सेलांत सांडतो, एडिटरमधले रंगीत शब्द धुरकट होतात. पांढऱ्यावर काळं लिहिलेलं तरी वाचेल असं वाटतं, पण विंडोज अक्षरं गुळगुळीत दिसावीत म्हणून त्यांच्या कडांना बारीक रंगछटा देतं, आणि त्याही गढूळ होतात. म्हणून टीव्हीने ४के, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं) आणि पूर्ण रंग, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग देणारं ४:४:४, हे तिन्ही एकाच वेळी दाखवायला हवं.

याची परीक्षा दुकानातच करा. लॅपटॉप आणि स्वतःची केबल घेऊन जा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ३८४० बाय २१६०, ६० हर्ट्झ, स्केलिंग (अक्षरं मोठी करण्याचं प्रमाण) १०० टक्के ठेवा. पेंटमध्ये गडद निळा रंग भरा आणि त्यावर एक पिक्सेल जाडीच्या लाल उभ्या रेघा काढा, मध्ये एकेक पिक्सेल निळा सोडून. शेजारी बारीक लाल अक्षरांत दोन शब्द लिहा. झूम १०० टक्केच हवा. जवळ जाऊन बघा: लाल-निळ्या रेघा सुट्या दिसल्या तर टीव्ही पास. सगळा मिळून जांभळट पट्टा दिसला तर रंग कापला जातोय. चित्र घरून करून नेणार असाल तर पीएनजीमध्ये सेव्ह करा. जेपीजी बहुधा स्वतःच तीच काटछाट करतं, आणि बिचाऱ्या टीव्हीवर उगाच आळ येतो.

नापास झाला म्हणून लगेच परत फिरू नका. बऱ्याच टीव्हींत ४:४:४ असतं, पण बंद ठेवलेलं. एलजीमध्ये त्या इनपुटचं आयकॉन ‘पीसी’ करावं लागतं, सॅमसंगमध्येही सोर्सचा प्रकार ‘पीसी’ ठेवावा लागतो, सोनीमध्ये पिक्चर मोड ‘ग्राफिक्स’ किंवा ‘गेम’ लागतो. शिवाय त्या पोर्टची पूर्ण क्षमता वेगळी चालू करावी लागते: एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. मॉडेलप्रमाणे नावं थोडी बदलतात. ही सेटिंग प्रत्येक पोर्टची वेगळी असते, त्यामुळे केबल दुसऱ्या पोर्टला लावली की पुन्हा करायची.

आता केबल आणि पोर्ट. एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झने येतं आणि माउसचा बाण अडखळत चालतो. त्यावर दिवसभर काम करू नये. एचडीएमआय २.० ची मर्यादा सेकंदाला १८ गिगाबिट. ४के, ६० हर्ट्झ, ८ बिट, ४:४:४ ला १७.८ लागतात, म्हणजे जेमतेम मावतं. म्हणूनच एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारा मोड) चालू करून १० बिट, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटा, मागितल्या की जागा पुरत नाही आणि ग्राफिक्स कार्ड कित्येकदा गुपचूप ४:२:२ वर, म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलांत एकच रंग, उतरतं. ‘सकाळी अक्षरं छान होती, आता घाण दिसतात’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. कामाच्या वेळी एचडीआर बंदच ठेवा. ४के १२० हर्ट्झ हवं असेल तर एचडीएमआय २.१ लागेल, आणि ते अनेक टीव्हींत चारपैकी एखाद-दोन पोर्टांनाच असतं. ‘मोशन रेट १२०’ असले शब्द खऱ्या रिफ्रेश रेटचे नसतात. मॉनिटरांना असतो तो डिस्प्लेपोर्ट टीव्हीला जवळपास कधीच नसतो. लॅपटॉपच्या यूएसबी-सी मधून काढणार असाल तर ॲडाप्टरवर ‘४के ६० हर्ट्झ’ लिहिलेलं बघूनच घ्या, स्वस्तातले बरेच ३० वर अडतात.

आकाराचं गणित सोपं आहे. ४८ इंची ४के म्हणजे २४ इंची फुल एचडीचे चार मॉनिटर चिकटवल्यासारखे: इंचाला ९२ पिक्सेल. ४३ इंचांत १०२ येतात, आणि १०० टक्के स्केलिंगवर ८० ते १०० सेंटिमीटरवरून वाचायला हा आकार मला सगळ्यात योग्य वाटतो. ५५ इंचांत ८० उरतात आणि कोपरे बघायला मान फिरवावी लागते. ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीत मात्र १३६६ बाय ७६८ च पिक्सेल असतात, म्हणजे इंचाला ४९. या कामाला तो घेऊ नका.

जवळून बघताना पॅनेलही महत्त्वाचं. एलसीडी टीव्हींत ते मुख्यतः दोन प्रकारचं असतं, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनेलचा काळा रंग सुरेख, पण मीटरभरावरून बसलं की कडेचा भाग तिरका दिसतो आणि फिकटतो. आयपीएसचा काळा राखाडी, पण कडेपर्यंत रंग सारखे. टेबलावर आयपीएस बरं. ओएलईडीचं, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो त्या पडद्याचं, चित्र फारच देखणं असतं, तरीही आठ-आठ तास टास्कबार आणि एक्सेलची पट्टी एकाच जागी राहणार असेल तर मी तो सुचवणार नाही. ठसा राहण्याचा धोका खरा आहे, आणि पांढरी खिडकी मोठी केली की उजेडही आपोआप कमी होतो. काही स्वस्त ४के पॅनेलांत पिक्सेलांची मांडणीच वेगळी असते: लाल-हिरवा-निळा यांच्या जोडीला पांढराही घुसवलेला. त्यावर सेटिंग कितीही केली तरी बारीक अक्षर स्वच्छ येत नाही.

घरी आणल्यावर टास्कबार अर्धा कापलेला दिसला तर तो ओव्हरस्कॅन, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतोय. टीव्हीतच ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’ किंवा ‘फुल पिक्सेल’ करा. ग्राफिक्स कार्डाच्या स्लायडरने चित्र आत ओढू नका, त्यात पिक्सेल पुन्हा बिघडतात. काळा राखाडी दिसत असेल किंवा गडद छटा बुडत असतील तर कार्ड आणि टीव्ही यांची रंगमर्यादा जुळत नाही. दोन्हीकडे ‘फुल’ करा, म्हणजे ० ते २५५. शार्पनेस बहुतेकांत शून्यावर ठेवायचा. काहींत मधला आकडाच तटस्थ असतो, तेव्हा अक्षरांभोवतीची पांढरी कड नाहीशी होईल तिथे थांबा. मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन, इको सेन्सर, लोकल डिमिंग सगळं बंद. सिनेमाच्या मोडमध्ये टीव्ही चित्र दाखवायला कधी १०० मिलिसेकंदही घेतो आणि बाण हाताच्या मागून येतो. ‘गेम’ किंवा ‘पीसी’मध्ये हे सुटतं.

बॅकलाइट बराच खाली आणा, मीटरभरावर तो डोळ्यांना फार होतो. पण कमी केल्यावर पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल भराभर हलवून बघा. एका पेन्सिलीच्या अनेक सुट्या सावल्या दिसल्या तर बॅकलाइट लुकलुकतोय. डोकं दुखणारे असाल तर तो टीव्ही नको.

एक गैरसोय राहतेच. कॉम्प्युटर झोपला तरी टीव्ही स्वतः नीट झोपत नाही, आणि उठवायला रिमोट लागतो. काही टीव्ही तर चार तास रिमोटला हात लागला नाही की काम चालू असतानाच बंद होतात. ‘ऑटो पॉवर ऑफ’ आधीच काढून टाका.

आणि टेबल मोजा. ४३ इंची पडदा ९५ सेंटिमीटर रुंद असतो, पाय बहुधा दोन टोकांना. टेबल पुढून मागे ७५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर टीव्ही भिंतीवर टांगा, वरची कड डोळ्यांपेक्षा फार वर जाणार नाही इतका खाली.